घड्याळ मिळवून घेणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी कधी पाहिलेलं नाही. पुण्यात बसून तुम्ही आमच्यासारख्या लांबलांबच्या शाखांच्या लाइनींवर नजर ठेवता, एवढंच ठाऊक. फोनवर सगळं मिळून पाच-सहा वेळा बोलणं झालं. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण माझ्यावर ठपका आला तोही चारचौघांतच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पाटण तालुक्यातल्या एका गावात पतसंस्थेची शाखा आहे, तिथं मी कॅशिअर. सर्व्हर कराडला, मुख्य कार्यालयात. मधे ४ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट वाहून नेणारी लाइन. जूनपासून ऐन गर्दीत स्क्रीन अडकायला लागली. पिग्मीवाले भरणा घेऊन आले, बाजारच्या दिवशी बायका पैसे काढायला आल्या, की चक्र फिरत राहायचं. अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. मग आपोआप सुरळीत. आणि शाखा रिकामी असली की लाइन कशी पाण्यासारखी चालायची.

ऑगस्टमध्ये एका बाजारच्या दिवशी भरण्याची नोंद दाबली, स्क्रीन अडकली, मी पुन्हा दाबली. दोन्ही नोंदी पडल्या. संध्याकाळी कॅश मोजली तर ३,००० रुपये कमी. रात्री नऊपर्यंत मी आणि शिपाईमामा व्हाउचरं चाळत बसलो. दुसऱ्या दिवशी दुबार नोंद सापडली, हिशेब लागला. पण गावात ‘कॅश कमी आली’ एवढंच पोचलं होतं. त्यात मेमो आला, ‘कामात निष्काळजीपणा’. बारा वर्षांच्या नोकरीतला पहिला.

तोवर तक्रारी काय कमी केल्या होत्या? लाइनवाल्यांचा माणूस आला तो सकाळी साडेआठला, शाखा उघडायच्या आधी. पिंग लावलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. ४० मिलिसेकंद, एकही संदेश हरवलेला नाही. ‘लाइन एक नंबर आहे मॅडम,’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. सॉफ्टवेअरवाल्यांनी लाइनकडे बोट दाखवलं. वरून कुणीतरी हिरव्या-निळ्या आलेखाचा फोटो पाठवला, त्यात लाइनचा वापर तीस टक्क्यांच्या वर कधी गेलेला नव्हता. आणि एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, काउंटरवर मोबाइलवर व्हिडिओ बघता का म्हणून. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

त्यानंतर मी वही घातली. स्क्रीन अडकली की भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि वेळ लिहायची. ती वही मी तीन जणांना दाखवायचा प्रयत्न केला. कुणी हातातही घेतली नाही.

सप्टेंबरात लाइनींवर लक्ष ठेवायचं काम तुमच्याकडे आलं. तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी सवयीनं सफाई द्यायला लागले, की आम्ही काही बघत नाही, काही उतरवून घेत नाही. तुम्ही मधेच थांबवलंत आणि म्हणालात, ‘ताई, ते राहू द्या. नेमकं कधी अडकतं, काही लिहून ठेवलंय का?’

वहीच्या पानांचे फोटो पाठवले. मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही म्हणालात, ‘आधी आपण घड्याळ मिळवून घेऊ. तुमच्या भिंतीवर किती वाजले?’ मी सांगितलं, अकरा वाजून सोळा मिनिटं. तुमच्याकडे अकरा बारा होते. आमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. शेवटची एसटी चुकू नये म्हणून शिपाईमामांनी कधीचं तसं लावून ठेवलंय. तुम्ही म्हणालात, ‘मग वहीतल्या प्रत्येक वेळेतून मी चार मिनिटं वजा करतो.’

दादा, तुमच्या दृष्टीनं ही रोजची बाब असेल. पण मला कळलं की हा माणूस घड्याळावर शंका घेतोय, माझ्यावर नाही. वेळा जुळत नाहीत, बाई काहीतरीच लिहिते, असं म्हणून वही बाजूला टाकणं किती सोपं होतं. फोन ठेवला आणि काउंटरखाली वाकून मी डोळे पुसले.

आलेख खोटा नव्हता, हेही तुम्हीच समजावलंत. राउटर आतून गेलेले बाइट नुसते मोजत बसतो, पाण्याच्या मीटरसारखे. देखरेखीचा सर्व्हर दर ५ मिनिटांनी लांबून आकडा विचारतो आणि मागच्या आकड्यातून वजा करून सरासरी काढतो. मीटरचं रीडिंग महिन्यातून एकदा घेतलं तर मोटार कुठल्या दिवशी चालली ते कसं कळणार? ३०० सेकंदांतले ९० सेकंद लाइन काठोकाठ भरलेली असली, तरी आलेखात दिसणार तीसच टक्के. ती नव्वद सेकंदं आमच्या काउंटरवर होती.

तुम्ही तीन दिवस ५ मिनिटांऐवजी दर १० सेकंदांनी आकडा घेतलात, आणि शेजारी दर सेकंदाला पिंग. निळी रेघ, म्हणजे आमच्याकडून बाहेर जाणारा डेटा, थेट छताला टेकत होती आणि त्याच क्षणी पिंग ४० वरून २,००० मिलिसेकंदांच्या पुढे. कारण निघालं मे अखेरीला बसवलेल्या कॅमेऱ्याचं. समोर हालचाल झाली की तो चित्रफीत क्लाउडवर पाठवायचा. एका बाइटचे आठ बिट, म्हणून १५ एमबीची फीत म्हणजे १२० मेगाबिट, ४ एमबीपीएसच्या लाइनला ती वर ढकलायला अर्धा मिनिट. तेवढा वेळ माझी भरण्याची नोंद राउटरमध्ये त्या फितीच्या मागे रांगेत. गिऱ्हाईक जितकं जास्त तितकी हालचाल जास्त, तितकी लाइन बंद. सकाळी साडेआठला रिकाम्या शाखेत कॅमेऱ्यासमोर हलणार कोण होतं?

उपाय तुम्ही तासाभरात केलात, त्यात मला फारसं समजलं नाही. फिती आता रात्री जातात, आणि राउटरमध्ये आमच्या नोंदींना पुढे जागा आहे.

मी सहज विचारलं होतं, हे हिरवे-निळे आलेख काढले कुणी? तुम्ही टोबियास ओटिकर यांचं नाव सांगितलंत. १९९४ मध्ये ते काम करायचे तिथं बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ केबीपीएसची लाइन होती, ती कशी चाललीय हे सगळ्यांनाच बघायचं असायचं, म्हणून त्यांनी आलेख काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि १९९५ मध्ये तो एमआरटीजी नावानं सगळ्यांसाठी खुला केला. मला ते फार आवडलं. सगळ्यांना दिसावं म्हणून काढलेलं चित्र. आमच्याकडे तेच चित्र माझं तोंड बंद करायला वापरलं गेलं. अवजार तेच, आलेख तोच, पिंगही तेच. ज्याला त्रास होतोय त्याला दोन शब्द विचारावेत, एवढंच आधीच्यांना सुचलं नाही. लांबून काम करणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही, हे मी समजू शकते. तुम्हालाही मी दिसत नव्हते. तरी तुम्ही विचारलंत. अशी माणसं कुठल्याही खुर्चीवर असोत, दवाखान्यात, तलाठ्याकडे, एसटीच्या चौकशीच्या खिडकीत, त्यांच्यापुढं उभं राहिलं की आपण खोटे नाही आहोत हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

तुमचा अहवाल मुख्य कार्यालयात गेला, त्याची प्रत मला मिळाली. त्यात पहिला रकाना होता ‘शाखेतील वहीतील वेळ’, आणि तुमच्या मोजमापाचा रकाना त्याच्यानंतर. त्या तीन दिवसांत मी ३१ नोंदी केल्या होत्या, २९ जुळल्या. उरलेल्या दोन तुम्ही गाळल्या नाहीत, त्यांच्यापुढे ‘कारण सापडले नाही’ असं लिहिलंत. माझ्या बाकीच्या २९ नोंदींइतकाच मला त्या दोन ओळींचा अभिमान वाटतो.

मेमो मागे घेतल्याचं पत्र गेल्या सोमवारी आलं. व्हिडिओचं विचारणारे साहेब अजून काही बोललेले नाहीत. मीही वाट बघायची सोडलीय.

कोयनेकडे कधी आलात तर वाट वाकडी करून शाखेत या. चहा आहे, आणि ज्यांचं घड्याळ तुम्ही फोनवरून तपासलंत ते शिपाईमामा तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत. घड्याळ त्यांनी अजून चार मिनिटं पुढेच ठेवलंय, एसटीसाठी. वहीच्या पहिल्या पानावर मी आता वरच लिहून ठेवलंय, ‘चार मिनिटं वजा करावीत.’

आपली,
शाखेतली ताई