पाऊणकी आणि लहान होणारा गुणाकार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने परवा 20 गुणिले 3/4 हे उदाहरण सोडवले, 15 हे बरोबर उत्तर लिहिले आणि मग स्वतःच ते खोडून टाकले. कारण विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘आजोबा, गुणल्यावर संख्या कमी कशी होईल?’’ अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचे, ही रीत तिला चोख पाठ आहे. पण आजवर केलेल्या शेकडो गुणाकारांत गुणक बहुधा पूर्ण संख्याच असल्याने ‘गुणले म्हणजे वाढले’ हा समज तिच्या मनात घट्ट बसला आहे. त्यात तिला दोष देता येत नाही, कारण दुप्पट, तिप्पट, दसपट हे शब्द मोठी माणसेही वाढीसाठीच वापरतात.

हा समज मोडणारे साधन मराठी शाळांत एकेकाळी होते. रुपयाचे 16 आणे आणि मणाचे 40 शेर होते, त्या काळात बाजाराचा हिशेब तोंडी करता यावा म्हणून मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा अशा अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली आणि हे पाढे मागे पडले. (औट म्हणजे साडेतीन, हे आता ‘औटघटकेचे राज्य’ म्हणणाऱ्यांनाही सांगावे लागते.)

ती घोकंपट्टी परत आणावी, असे मी म्हणत नाही. पण हे पाढे एका ओळीत मांडून पाहावेत. विसाला पावकीत 5, निमकीत 10, पाऊणकीत 15, एकाच्या पाढ्यात 20, सवायकीत 25, दिडकीत 30, अडीचकीत 50 आणि औटकीत 70. मूळ संख्या धन असेल, तर एकाहून लहान धन गुणकाने ती घटते, एकाने तशीच राहते आणि एकाहून मोठ्या गुणकाने वाढते, हे या ओळीवरून न शिकवता कळते. गुणक अपूर्णांक आहे की नाही, याच्याशी घट-वाढीचा संबंधच नाही. 3/4 घटवतो, तसा 5/4 वाढवतो. आणि 5/5 म्हणजे एकच असल्याने 3/4 ला त्याने गुणून 15/20 केले तरी किंमत ढळत नाही. सममूल्य अपूर्णांकांची सारी रीत एवढ्यावरच उभी आहे.

भागाकारात हेच उलट घडते. पंधरा लिटर तेलाच्या डब्यातून पाऊण लिटरच्या बाटल्या भरल्या, तर वीस भरतात. पंधराला भागले आणि उत्तर पंधराहून मोठे आले. नातीला हे तेलाने पटले, आकड्यांनी नाही.

मोठ्यांचीही गल्लत होते. दुकानावर ‘50 टक्के आणि वर 20 टक्के सूट’ अशी पाटी दिसली की अनेकजण मनात सत्तर टक्के धरतात. प्रत्यक्षात दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर मिळते. 1/2 गुणिले 4/5 म्हणजे 2/5, अर्थात हजाराच्या वस्तूला 300 नव्हे, 400 रुपये मोजावे लागतात. अर्ध्या भाकरीची अर्धी म्हणजे चतकोर, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा हिशेब अवघड जाऊ नये.

पाठ्यपुस्तक मंडळाला आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच की, अपूर्णांकांच्या प्रत्येक गुणाकाराआधी एक रिकामी चौकट ठेवावी आणि उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान येईल, तेवढेच राहील की मोठे होईल, हे आकडेमोड करण्यापूर्वी मुलांकडून त्यात लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा