सर्व्हर बदलल्यावर तारखाही तपासा

महोदय,

मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सपोर्ट ९ जुलै २०२४ रोजी बंद केला. २०१६ या आवृत्तीची मुदत १४ जुलै २०२६ आहे. त्यामुळे सांगली-मिरजेतल्या पतसंस्था आणि मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांना सर्व्हर बदलणे भागच आहे. अडचण बदलल्यानंतर सुरू होते.

डेटा नव्या मशीनवर चढतो आणि काउंटरवर ‘लॉगिन फेल्ड’ झळकते. मग सॉफ्टवेअरला ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड देऊन मोकळे होण्याची सर्रास पद्धत आहे. हे म्हणजे तिजोरीची किल्ली दारालाच अडकवणे. खरे कारण साधे आहे. बॅकअपमधून डेटाबेसचे यूजर (डेटाबेसच्या आतली नावे) येतात, लॉगिन (सर्व्हरवर शिरण्याची खाती) येत नाहीत. ती ‘मास्टर’ या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. त्याच नावाचे लॉगिन नव्याने केले तरी त्याचा एसआयडी (अंतर्गत ओळख क्रमांक) वेगळा पडतो आणि ४०६० एरर येतो. ‘अल्टर यूजर… विथ लॉगिन’ या एका ओळीत ते जुळते. १८४५६ एरर आला तर स्क्रीनवर स्टेट (कारणाचा क्रमांक) १ च दिसते, म्हणून सर्व्हरचा एररलॉग, म्हणजे चुकांची नोंद, उघडावा. तिथे ५ असेल तर लॉगिनच नाही, ८ असेल तर पासवर्ड चुकला, ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो. बिल मंजूर करण्याआधी संचालकांनी सॉफ्टवेअर कोणत्या लॉगिनने चालते, एवढे तरी विचारावे.

याहून वाईट चूक बिनबोभाट होते. नव्या लॉगिनची भाषा बहुधा अमेरिकन इंग्रजी लागते, तिच्यात महिना आधी वाचला जातो. जुने सॉफ्टवेअर तारीख मजकूर म्हणून पाठवत असेल, तर ०५/०४/२०२५ ची, म्हणजे ५ एप्रिलची पावती ४ मे रोजी जमा होते. १२ तारखेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. १३ ला तेरावा महिना सापडत नाही, २४२ एरर येतो आणि सगळे ‘आज काय बदलले’ ते शोधत बसतात! मुदत ठेवींचे व्याज तोवर चुकलेले असते. लॉगिनची डिफॉल्ट लँग्वेज ‘ब्रिटिश’ केली की दिवस आधी वाचला जातो. मात्र उलट्या पडलेल्या नोंदी त्याने सुधारत नाहीत, त्या छापील पावत्यांशी ताडूनच दुरुस्त कराव्या लागतात. कायमचा इलाज म्हणजे तारीख २०२५०४०५ अशी आठ अंकी पाठवणे. तो बदल विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावा.

काही मोजक्याच रिपोर्टांत ४६८ एरर येत असेल, तर नव्या सर्व्हरचे कोलेशन (मजकूर लावण्याचे आणि ताडण्याचे नियम) जुन्याशी जुळत नाही. ते इन्स्टॉल करण्याआधीच टिपून ठेवावे, कारण नंतर बदलायचे तर सिस्टीम डेटाबेस पुन्हा उभारावे लागतात. सर्व्हरवर चालते पण काउंटरवर नाही, अशी तक्रार एक्स्प्रेस आवृत्तीत हमखास येते. तिच्यात टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणी, मुळात बंद असते; कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ते चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करावी.

कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागतो ते) १२० वरून, म्हणजे २०१४ वरून, १६० वर, म्हणजे २०२२ वर, नेण्याची घाई नको. क्वेरींच्या वेगाची नोंद ठेवणारे क्वेरी स्टोअर चालू ठेवून एक महिनाअखेर जाऊ द्यावी, मग वाढवावी.

– एक डेटाबेस व्यवस्थापक, सांगली