रमाबाईंच्या धैर्याचे मूळ

मा. संपादक,

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेचा आपल्याकडे गौरव होतो, धर्मांतरावर वाद होतो. मात्र त्या ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना संकटात काय दिले, हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहतो. आई-वडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पतीही गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनावरून वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवर दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला, त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. हे बळ परमेश्वराचे आहे, असे त्या स्वतः मानत. त्यांचे धर्मांतर पटो वा न पटो (मलाही सगळेच पटते असे नाही), ही साक्ष वगळून लिहिलेले त्यांचे चरित्र अपुरेच म्हणावे लागेल. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि तरी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एप्रिल १९२२ मधील मृत्यूपूर्वी पुरे केले.

आपला,
एक वाचक, पुणे