फायरमनच्या घरच्यांसाठी एक रविवार

संपादक साहेब, नमस्कार.

माझे मिस्टर मुंबई फायर ब्रिगेडमध्ये बंबावर ड्रायव्हर आहेत, अठरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत आम्हा घरच्यांना कुणी मुद्दाम बोलावलंय असं मागच्या रविवारी पहिल्यांदा झालं, म्हणून हे पत्र. आमच्या भागातल्या एका मित्रमंडळाने, म्हणजे तीच गणपती-दहीहंडीवाली पोरं, शाळेचा हॉल घेऊन फायर ब्रिगेड, पोलीस आणि 108 अॅम्ब्युलन्सवाल्यांच्या कुटुंबांसाठी दिवसभराचा कार्यक्रम ठेवला होता.

सत्कार आम्ही पाहिलेत. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, 1944 साली त्या दिवशी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, त्यांना मानवंदना देतात, पुढे आठवडाभर प्रात्यक्षिकं चालतात. ते व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तिथे आम्ही कडेला उभ्या राहून बघतो. रविवारी दारातच एका पोराने विचारलं, ताई तुमचं नाव काय, आणि कार्डावर माझं स्वतःचं नाव लिहून दिलं. क्वार्टर्समध्ये मला सगळे ड्रायव्हरवहिनीच म्हणतात, त्यामुळे ते कार्ड मी घरी आणून फ्रिजवर लावलंय.

कार्यक्रम सकाळी आणि परत संध्याकाळी असा दोनदा ठेवला होता, का तर शिफ्ट असते, एका वेळेला सगळे येऊच शकत नाहीत. हे कुणालातरी सुचलं यातच मला सगळं आलं. मिसळ होती, वाढायला मंडळाची पोरं, एकाही बाईला जागेवरून उठू दिलं नाही, आणि जे ड्युटीवर होते त्यांचे डबे आधी स्टेशनला पोचवले मग आमच्या पंगती बसल्या. बीपी-शुगर तपासणी पण होती.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते कोपऱ्यातल्या एका टेबलाबद्दल. तिथे एक रिटायर झालेले क्लार्क काका बसले होते, ते प्रत्येकीला विचारत होते की पीएफला, इन्शुरन्सला, बँकेला नॉमिनी कोण आहे, कागद कुठे ठेवलेत, तुला माहिती आहे का. 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीला गोकुळ निवासची आग लागली तेव्हा संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी इमारत कोसळून गेले, आणि सुधीर अमीन आणि चीफ फायर ऑफिसर सुनील नेसरीकर भाजलेले होते ते नंतर हॉस्पिटलमध्ये वारले. त्या रात्री आम्ही सगळ्या बायका क्वार्टर्सच्या जिन्यात बसून होतो, मुलं मांडीवर, कुणाचाही फोन वाजला की सगळ्या दचकायच्या. मिस्टर घरी आल्यावर मी कागदांचं विचारलं तर चिडले, म्हणाले नको ते बोलू नकोस. तो विषय तेव्हापासून बंद. रविवारी ते स्वतः फाईल घेऊन आले, आणि काकांनी बघितलं तर एका पॉलिसीवर अजून सासूबाईंचं नाव, त्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. मिस्टर काही बोलले नाहीत, फॉर्म घेतला, तिथेच बसून भरला आणि मला म्हणाले तू पण एकदा वाच. माझ्यासाठी हा कुठल्याही शालीपेक्षा मोठा सत्कार आहे.

शेवटी भाषण न करता मंडळाच्या अध्यक्षांनी आम्हालाच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. एक वहिनी म्हणाल्या, गल्लीत डबल पार्किंग करू नका, बंब अडकला की आमच्या माणसाला लांबून पाइप ओढत पळावं लागतं. दुसरी म्हणाली, दिवाळीत यांना सुट्टी नसते, कुणाच्या तरी गॅलरीत रॉकेट घुसतं आणि वर्दी येते, म्हणजे आगीचा कॉल, मुलं फटाके घेऊन वाट बघत झोपून जातात. त्यावर पोरांनी नंबर लिहून घेतले, मोठी वर्दी असेल तर सकाळी मुलांना शाळेत सोडायला कुणीतरी येईल म्हणाले, आणि दिवाळीचं पण बघतो म्हणाले. सोमवारी संध्याकाळी नाक्यावरच्या बाईक हलवलेल्या मी स्वतः पाहिल्या.

इतर मंडळांनीही हे करावं, वर्गणीतून सहज होण्यासारखं आहे. फक्त एक गोष्ट राहून गेली, ती लिहिते. 108 वाल्यांची दोनच कुटुंबं आली. ही सेवा राज्यात 2014 पासून आहे, अपघात झाला की आपण पहिला तोच नंबर लावतो, पण त्यातले डॉक्टर आणि पायलट, म्हणजे गाडीचे ड्रायव्हर, कंत्राटावर असतात, आमच्यासारखे एका क्वार्टर्समध्ये राहत नाहीत, कुणी विरारला, कुणी बदलापूरला, त्यामुळे त्यांची यादी मंडळाला मिळालीच नाही. जी आली त्यातली एक मुलगी मला म्हणाली, काकू, आम्हाला वाटलं चुकून बोलावलंय. पुढच्या वेळी पोरांनी अॅम्ब्युलन्स उभी असते तिथे जाऊन पायलटलाच विचारावं, घरी कोण कोण आहे, आणि निमंत्रण त्याच्याच हातात द्यावं.

- एका फायरमनची बायको, मुंबई