मोटारसायकलच्या बुटात आधी घोटा पाहा, पाणी नंतर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्याच्या तोंडावर मोटारसायकलसाठी बूट घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, ‘वॉटरप्रूफ आहे का?’ आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. गाडी आडवी होते तेव्हा तिचे दीड-पावणेदोनशे किलो वजन पायावर येते. पाऊल फूटरेस्ट आणि रस्ता यांच्यात सापडून आडवे दाबले जाते, नाहीतर घोट्यात पिरगळते. त्यामुळे आधी सोलचा आडवा ताठपणा आणि घोट्याचे संरक्षण पाहायला हवे.

हे दुकानातच कळते. बूट चवड्याच्या सर्वांत रुंद भागावर दोन्ही तळहातांत धरून जोर लावून दाबा. सोल मधोमध मुडपला तर तो बूट चालण्यासाठी ठीक, गाडीसाठी नाही. मग एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरून ओला पंचा पिळतो तसा पिळून पाहा. चांगला बूट फारसा पिळला जात नाही. घोट्याच्या दोन्ही हाडांवर कडक वाटी हवी, नुसता स्पंज नको. टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबून आत जाता कामा नये.

युरोपच्या ईएन १३६३४ मानकाप्रमाणे तपासलेल्या बुटाच्या लेबलवर मोटारसायकलस्वाराचे चित्र आणि चार आकडे असतात. ते क्रमाने उंची, घासटणे, कापले जाणे आणि आडवा दाब यांचे. प्रत्येक १ किंवा २. चौथा आकडा २ असेल तो बूट घ्यावा. पहिला २ म्हणजे बूट उंच आहे, एवढेच. घोट्यावरच्या आघाताची चाचणी या मानकात ऐच्छिक आहे. ती झाली असेल तरच ‘आयपीए’ ही अक्षरे दिसतात. ती अवश्य शोधा.

कारखान्यातले सेफ्टी शूज पुष्कळजण वापरतात. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी शूजची पुढची टोपी २०० जूलचा आघात झेलते खरी, पण ती वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. घोट्याला त्याचा उपयोग नाही आणि जाड टोपी गिअरच्या दांड्याखाली सरकत नाही. तरी चपलेपेक्षा ते कितीतरी बरे. गमबूट मात्र घालूच नयेत. पडल्यावर ते पायातून निसटतात.

माप संध्याकाळी, गाडीवर घालतो तेच मोजे घालून घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बोटांपुढे अर्धा इंच जागा हवी, चालताना टाच उचलली जाऊ नये. कातडे रुंदीला सैलावते, लांबीला नाही. म्हणून बोटांना टेकणारा बूट ‘पुढे सैल होईल’ या भरवशावर घेऊ नका. गाडीवर बसून गिअर टाकून पाहा. जाड चवडा दांड्याखाली जात नसेल तर मेकॅनिककडून दांडा दात्यांवर एक-दोन घरे वर चढवून घ्यावा. लोंबती नाडी फूटरेस्टमध्ये अडकली तर सिग्नलला पाय खाली टेकत नाही आणि उभी गाडी कलंडते. म्हणून नाडी झाकणारी वेल्क्रोची पट्टी हवी.

आता पाणी. ते बहुतेक वेळा वरच्या तोंडातूनच शिरते. रेनपँट बुटावरून खाली सोडली नाही तर महागडे जलरोधक अस्तरही कुचकामी. विदर्भातल्या उन्हाळ्यात हेच अस्तर पाय उकडवते. तिथे साधा जाड कातड्याचा बूट बरा. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर काही तासांनी बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवल्यास कातडे तडकते, डिंक सुटतो.

टिकाऊपणाचा खरा शत्रू मात्र कपाटात असतो. पीयूचा (पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचा) सोल दमट हवेत, न वापरताही, काही वर्षांत आतून भुसभुशीत होतो आणि एके दिवशी तुकड्यांनी गळतो. कोकणात हे लवकर घडते. शिवलेला रबरी सोल बदलता येतो, साच्यात ओतलेला सहसा नाही. म्हणून सवलतीतला जुना साठा घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष पाहाच. विक्रेत्यांनी, विशेषतः ऑनलाइन विकणाऱ्यांनी, ही तारीख आणि आतल्या लेबलचा स्पष्ट फोटो बुटाच्या चित्राशेजारीच द्यावा, ही आमची मागणी आहे.

आपले,
काही दुचाकीस्वार वाचक