शेवग्याच्या अलीकडे की पलीकडे?

प्रिय बाळ्या,

आठ महिने ना पत्र, ना फोन. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. मीही ठीक. आता जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

आईला घेऊन मी पुण्याला दादाकडे गेलो होतो आणि इकडे पाऊस लागला. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडले, राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, देवळात शिरलेलं पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं. पुढं कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी कसं मागं फुगतं, तुला वेगळं सांगायला नको. मळीतला ऊस बुडाला, रस्ता बंद झाला. दाराला कुलूप घालून मी तिकडे नुसता मोबाईल बघत बसलो.

परत आलो तर घरात गाळाचा मागमूस नाही. ओसरी धुऊन काढलेली. गव्हाची पोती आणि आईची शिलाई मशीन माळ्यावर. अण्णांची ट्रंकही तिथंच, दोन विटांवर ठेवलेली, वर युरियाच्या रिकाम्या पोत्याचं आवरण आणि त्याला सुतळीची दुहेरी गाठ. शेजारच्या आक्कांच्या नातवानं कौलं काढून आत उतरून मागची कडी काढली होती. सामान आक्कांनी स्वतः उभं राहून हलवून घेतलं.

होय, त्याच आक्का. ज्यांच्या घराशी आपलं २००५च्या पुरापासून बोलणं नाही.

दोन वर्षं झाली मला इथं राहायला येऊन. नळाला पाणी येतं तेव्हा आम्ही चार हातांवर उभे असतो आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नाही. त्यांचं गुडघ्याचं दुखणं आईसारखंच आहे, हेही मला परवाच कळलं. चहाला बोलावलं त्यांनी. मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, "ट्रंकंतलं कागद भिजलं न्हाईत न्हवं? कागद गेलं की परत मिळत न्हाईत बघ. आमचं एकोणीसच्या पाण्यात समदं गेलं."

बाळ्या, त्या ट्रंकेत परड्याच्या दाव्याचे कागद आहेत. त्यांच्याच विरुद्धचे. त्यांना ते माहीत असणार. अण्णा काय ठेवायचे तिथं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मला बशी धरवेना.

तेव्हापासून झोप नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे. दादा म्हणतो, भावनेच्या भरात काही करू नकोस, तीन हातांची का होईना, वाडवडलांची जागा आहे. त्याचंही खोटं नाही. पण २००५ला कुंपण वाहून गेलं, हद्दीचे दगड गाळाखाली गेले, आणि पाणी ओसरल्यावर अण्णांनी नवं कुंपण घातलं ते आठवणीनं. की रागानं? ही शंका मी आजवर कुणापाशी बोललो नाही. गावठाणातली जागा, सातबारा नाही. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर चौरस फूट आहेत, पण शेवगा कुणाचा हे कुठं लिहिलंय? आणि आक्कांकडे तर आता दाखवायला काहीच उरलेलं नाही.

म्हणून तुला विचारतोय. आठवीत शेंगा चोरायला गेलो तेव्हा तुझी खाकी चड्डी काटेरी तारेत अडकून फाटली होती. तू तसाच मागं हात धरून नदीकडे पळालास आणि दोघांचा मार मी एकट्यानं खाल्ला. ते मी अजून माफ केलेलं नाही, लक्षात ठेव. पण ती तार झाडाच्या अलीकडे होती की पलीकडे? मला आठवतं ते असं, की आपण तार ओलांडली आणि मग झाडावर चढलो. तसं असेल तर झाड त्यांचं. माझ्या बाजूनं बोलू नकोस, जे आठवतं तेच लिही.

वहिनींची बदली झाली का? धाकटीचं बारावीचं वर्ष ना? तिला आशीर्वाद.

कालपासून पाऊस परत लागलाय. नातू मघाशी सांगून गेला, पाणी पाराच्या खालच्या पायरीला आहे. आक्कांच्या दोन म्हशी आज आपल्या पडवीत बांधल्यात, आपली जागा हातभर उंच आहे म्हणून. लवकर लिही.

तुझाच,
भाऊ