शेरा मारून पास करू नका

ऑक्टोबर २०२४

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल आपल्या पहिल्या पानावर दहावीच्या मुलांना ‘मोठा दिलासा’ मिळाल्याची बातमी होती. सकाळी साडेसातला गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. “अण्णा, गणिताला आता वीसच लागत्यात म्हणं. मग क्लास कशाला लावायचा?” त्याचा मुलगा यंदा दहावीला आहे. त्या फोनमुळेच हे पत्र लिहायला बसलो.

बातमी शेवटपर्यंत वाचली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एससीईआरटी) नव्या अभ्यासक्रमाचा आराखडा केला आहे, त्यात हे आहे. गणितात किंवा विज्ञानात २० किंवा जास्त, पण ३५ च्या आत गुण पडले तर पास करायचे, पण गुणपत्रिकेवर शेरा मारायचा, की याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. निवड विद्यार्थ्याने करायची, असे सांगितले जाते. निकालाच्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या घरात निवड कोण करते, हे हा आराखडा लिहिणाऱ्यांनी कधी पाहिले आहे का? मी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक होतो. प्रवेशाच्या टेबलावर पाहिले आहे आणि स्वतःच्या घरातही पाहिले आहे.

याच भावाची थोरली मुलगी २०१९ साली दहावीला होती. नव्या अभ्यासक्रमाची ती पहिलीच परीक्षा, भाषांचे तोंडीचे गुणही त्या वर्षी काढून टाकलेले. राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पोरीला गणितात २३ पडले. त्यातले १५ शाळेने दिलेले अंतर्गत मूल्यमापनाचे. म्हणजे लेखीत ८० पैकी ८. विज्ञानात चांगले ४६ होते. गणित आणि विज्ञान मिळून ७० झाले आणि प्रत्येकात किमान २५ असले, तर पास करण्याची सवलत बोर्डाकडे आहेच. कालच्या बातमीत त्या सवलतीचा उल्लेखही नाही. पोरगी त्या सवलतीतही दोन गुणांनी बसली नाही.

आठ गुण का पडले? त्या वर्षी तिच्या शाळेत ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत गणिताला शिक्षकच नव्हते. इतिहासाच्या बाई तासाला येऊन फळ्यावर पुस्तकातली उदाहरणे उतरवून देत. बाईंना दोष देत नाही, त्यांनी तरी काय करायचे? पण पोरीने शाळेचा एक दिवस चुकवला नाही आणि तिच्या हातात ८ गुण आले, याचा राग पाच वर्षांनीही माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. भाऊ ओसरीवर बसला होता. “नापास झाली. भावकीत काय सांगायचं?” एवढेच बोलला. त्या नापास शब्दाचा त्याला फार सल होता, आणि तो सल होता म्हणूनच जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला तो तयार झाला. पोरीला मी कराडला घेऊन आलो. सहा आठवडे रोज संध्याकाळी दोन तास बसलो. महत्त्वमापन घराच्या पाण्याच्या टाकीवर शिकवले, समरूपता आणि त्रिकोणमिती टेप आणि विजेच्या खांबाच्या सावलीवर. वर्गसमीकरणे तिला जमली नाहीत, ती सोडून दिली. सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन घोटून घेतले. जुलैत तिला लेखीत २६ पडले. १५ आणि २६ मिळून ४१.

पुढच्या वर्षी तिने इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला. आज तासवडे एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करते. वर्गमूळ दिसले की वही मिटणारी पोरगी थ्री-फेजच्या ४१५ व्होल्टला वर्गमूळ तीनने भागून एका फेजचे २४० व्होल्ट काढते आणि नव्या मुलांना ते का, हेही सांगते.

आता नवा नियम २०१९ साली होता असे धरा. २३ गुण, म्हणजे पास. भाऊ पेढे घेऊन आला असता. शेरा त्याने वाचलाही नसता, आणि वाचला असता तरी म्हणाला असता, “पास झाली न्हवं? मग बास. आर्ट्सला घालू.” मी कोणत्या तोंडाने सांगितले असते, की पास झालेल्या पोरीला पुन्हा परीक्षेला बसव? जुलै आलाच नसता. मुलगा असता तर कदाचित कुणी विचार केला असता. मुलीसाठी कोण करतो? एससीईआरटीचे संचालकसाहेब, ज्याला तुम्ही निवड म्हणता ती दमलेल्या बापाची पहिली सोयीची वाट आहे. तीवर तुम्ही सरकारी शिक्का मारून देता आहात.

आयटीआयचेही कुणी विचारलेले दिसत नाही. फिटर आणि इलेक्ट्रिशियनला दहावी गणित-विज्ञानासह पास लागते. वायरमन आणि वेल्डरला आठवी पास चालते. शेरा असलेला मुलगा टेबलासमोर उभा राहिला तर त्याला कुठे बसवायचे? गुणपत्रिकेवर पास लिहिलेले आहे आणि तो बसणार आठवी पासच्या रांगेत? आणि या २० गुणांत शाळेने दिलेले अंतर्गत गुण धरायचे का? धरायचे असतील, तर शाळेने १८ दिलेल्या मुलाला लेखीत ८० पैकी २ पुरतील. हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

सगळ्यांनी बीजगणितात डोके फोडावे असे माझे म्हणणे नाही. ज्याला नको त्याला सोपे गणित द्या, पण नीट शिकवून द्या. आपल्याकडे बोर्डाचा सामान्य गणित हा सोपा पर्याय होता, तो आपणच बंद केला. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर ठेवले. तिथला बेसिकवाला पोरगा काहीतरी शिकून पास होतो. आपला २० गुणवाला न शिकता पास होणार.

शिकवायला माणूस कुठून येणार, हाही प्रश्न आहेच. जानेवारीत शिक्षक मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होते, मग लोकसभा झाली, आता २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. पुतण्याच्या गणिताच्या सरांनाही ड्युटी लागली आहे.

आपल्यालाही एक विनंती आहे, आणि ती रागानेच करतो. हा बदल नवा अभ्यासक्रम लागू झाल्यावरच होणार, असे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले आहे. यंदाच्या मुलांना ३५ च लागणार. आपण ते बातमीच्या शेवटच्या ओळीत, आतल्या पानावर छापले. गावात पेपर चौकात वाचतात आणि मथळा वाचून पुढच्या माणसाच्या हातात देतात. तेव्हा ते ३५ पहिल्या पानावर, कालच्याच आकाराच्या अक्षरांत छापा. परीक्षा फेब्रुवारीत आहे. भाऊबीज झाली की पुतण्या माझ्याकडे राहायला येतो आहे. त्याला तीन दिवसांत क्लास लावायला मी भावाला सांगितले आहे, पण त्याचा माझ्यापेक्षा तुमच्या छापील अक्षरावर जास्त विश्वास आहे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
कराड, जि. सातारा